लाइव्ह की लिव्ह?

‘विनोदाची व्याख्या लिहा’ असा प्रश्न पाच मार्कांना आला, तर आपल्यातले निम्मे जण तो ऑप्शनला टाकतील आणि उरलेले निम्मे जण तीन पानं भरून येतील. खरं तर उत्तर एका ओळीत बसतं, आणि तेही समीकरणाच्या रूपात. इंग्रजी विनोदाच्या दुनियेत हे समीकरण फार वर्षांपासून फिरतंय:

दुःख + वेळ = विनोद

वुडी ॲलनच्या १९८९ सालच्या ‘क्राइम्स अँड मिस्डेमिनर्स’ या सिनेमात ॲलन आल्डाने रंगवलेलं एक बढाईखोर पात्र हेच सूत्र मोठ्या तोऱ्यात ऐकवतं. अर्थ अगदी सोपा आहे. आज एम-थ्रीत केटी लागली की आपण उशीत तोंड खुपसून रडतो. फायनल इयरच्या फेअरवेलला तीच केटी आपण हावभावांसकट सांगतो आणि अख्खा हॉल लोळतो. केटी तीच, मार्क तेवढेच. मधे फक्त तीन वर्षं गेली.

आता समीकरण दिसलं की इंजिनिअरिंगचा विद्यार्थी काय करतो? लिमिट घेऊन बघतो. मित्रांनो, यातला ‘वेळ’ शून्याकडे नेला तर काय होईल? म्हणजे दुःख कालपरवाचं, अजून ओलं, आणि माणूस माईकसमोर उभा. विनोद होईल की नुसतं दुःखच उरेल?

हा प्रयोग खरोखर झालेला आहे. ३ ऑगस्ट २०१२ च्या रात्री, अमेरिकेत लॉस एंजलिसच्या ‘लार्गो’ नावाच्या छोट्या नाट्यगृहात. प्रयोग करणारी बाई टिग नोटारो. त्या रात्रीचं जे ध्वनिमुद्रण झालं, त्याचाच पुढे अल्बम निघाला. या लेखात त्याचा थोडा अभ्यास करायचा आहे. अभ्यास म्हटल्यावर पान उलटू नका, व्हायवा होणार नाही!

आधी पार्श्वभूमी

स्टँड-अप कॉमेडीचा अल्बम म्हणजे काय, हे आपल्याकडे समजावून सांगायची फारशी गरज नाही. पु. लं.च्या कॅसेट्स ज्या घरात वाजल्या, त्या घरात ‘एक माणूस, एक माईक आणि समोर हसणारे लोक’ हा प्रकार ठाऊक असतो. स्टँड-अपमध्ये कलाकार बहुतेक वेळा स्वतःच्याच आयुष्याबद्दल बोलतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

टिग नोटारोचा जन्म १९७१ चा, मिसिसिपी राज्यातला. तिची शैली अगदी कोरडी. चेहरा सरळ, आवाज सपाट, दोन वाक्यांमधे लांबलचक शांतता. आरडाओरडा नाही, नकला नाहीत. आपले एखादे सर कसे अजिबात न हसता असं काही बोलतात की मागचे दोन बेंच फुटतात, तसलं काहीसं.

२०१२ च्या मार्चपासून या बाईवर संकटांची रांगच लागली. आधी न्यूमोनिया झाला. मग ‘क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल’ नावाच्या जिवाणूने आतड्यांना धरलं. हा जिवाणू विचित्र आहे. एखाद्या आजारासाठी घेतलेल्या अँटिबायोटिक्सनी पोटातले चांगले जिवाणू मारले की याला मोकळं रान मिळतं, आणि त्याच्या विषामुळे आतडं सुजतं. थोडक्यात, औषधाच्या मागून येणारा आजार. त्यात ती खंगली. हॉस्पिटलमधून सुटून जेमतेम काही दिवस झाले असतील, तोच तिची आई घरात पडली, डोक्याला मार लागला आणि ती गेली. त्यानंतर टिगचं जिच्याशी नातं होतं, ते तुटलं. आणि जुलैच्या अखेरीला डॉक्टरांनी सांगितलं की तिच्या दोन्ही स्तनांत कर्करोग आहे.

हे सगळं साधारण चार महिन्यांत. आपलं एक सेमिस्टर संपतं तेवढ्या काळात!

‘लार्गो’मध्ये तिचा नेहमीचा कार्यक्रम ठरलेला होता. निदान होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. कार्यक्रम रद्द केला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. तिने तो केला.

तो अर्धा तास

माईकपाशी येऊन तिने नेहमीसारखं लोकांना अभिवादन केलं, आणि त्याच दमात, त्याच सुरात, आपल्याला कॅन्सर असल्याचं सांगून टाकलं. पुढचा प्रश्न लगेच, तुमचं कसं काय चाललंय?

लोक हसतात. ही पुढच्या कुठल्यातरी विनोदाची सुरुवात असणार, असं त्यांना वाटतं. ती तेच पुन्हा सांगते. मग हसणं विरळ होत जातं. कुणी सुस्कारा टाकतं, कुणी अजून हसत असतं, कुणाला काय करावं ते कळत नाही. अल्बम ऐकताना हा बदल कानांना स्पष्ट जाणवतो. चित्र काहीच नाही, फक्त आवाज आहे, आणि तरी अख्खा हॉल एकदम कसा गोंधळलाय ते डोळ्यांसमोर उभं राहतं.

आता मजा बघा. लोक हळहळायला लागतात, तेव्हा ती त्यांचीच समजूत काढते. ठीक होईल म्हणते, आणि लगेच प्रामाणिकपणे दुरुस्ती करते की कदाचित होणारही नाही. समोरच्या कुणाला फारच लागलंय असं वाटल्यावर ती त्याला धीर देते की तू बरा राहशील, माझं मात्र काही सांगता येत नाही. आजारी कोण आणि धीर कोण कुणाला देतंय!

आपल्या सुरुवातीच्या समीकरणाचीही ती आठवण काढते. सूत्रात दुःखानंतर वेळ मिळवायचा असतो, आणि मी सध्या नुसत्या दुःखापाशीच आहे, असं म्हणते. म्हणजे ‘वेळ शून्य’ हे आपण लेखात गमतीने धरलं, तर तिने ते भर कार्यक्रमात, लोकांसमोर मांडलं होतं.

त्यानंतर एकेक गोष्ट येते. गेली कित्येक वर्षं ती स्वतःच्या सपाट छातीवर विनोद करत आली होती. आता तिला शंका येते की छातीने ते सगळं ऐकलं असणार आणि वैतागून हिला संपवायचंच ठरवलं असणार. इंटरनेटवर जोडीदार शोधायचा तर आता माहितीत कॅन्सर लिहावा लागेल, आणि खाली सूचना द्यावी लागेल की गंभीरपणे विचार करणाऱ्यांनीच संपर्क साधावा.

मला सगळ्यात खोल गेलेला प्रसंग हॉस्पिटलच्या पत्राचा. आई गेल्यानंतर हॉस्पिटलकडून एक प्रश्नावली येते. नाव आईचं. विचारणा अशी की आमच्याकडचा मुक्काम कसा वाटला? हे ऐकून आधी हसू येतं, मग पोटात गोळा येतो. आपल्यासारख्यांना यातली चूक लगेच दिसते. डिस्चार्ज झालेल्या सगळ्यांना पत्र पाठवणारा कुठलातरी प्रोग्रॅम असणार, आणि त्यात ‘पेशंट हयात आहे का’ एवढी एक ‘इफ’ कंडिशन घालायची राहिली असणार. उद्या आपणच असले प्रोग्रॅम लिहिणार आहोत. सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या लेक्चरला झोपणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनी हे पत्र लक्षात ठेवावं.

देवाचाही विषय निघतो. देव माणसाला झेपेल तेवढंच देतो, असं तिला लोक सांगत असतात. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे हे वाक्य मी शाळेत इतक्यांदा ऐकलंय की घंटेचा आवाज आणि हे वाक्य मला एकत्रच आठवतं. गंमत म्हणजे बायबलमध्ये हे वाक्य जसंच्या तसं कुठेच नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात याच्या जवळचं काही आहे, पण तिथे बोलणं मोहाचं आणि परीक्षेचं चाललंय, आजारपणाचं नाही. टिग काय करते, हे वाक्य खरं धरते आणि वर स्वर्गात काय चाललं असेल ते दाखवते. देव तिच्यावर आणखी एक संकट टाकायला निघालाय, देवदूत म्हणतायत की अहो, आता पुरे, आणि देव शांतपणे म्हणतोय की नाही नाही, हिला झेपेल. वाक्यावर एक शब्दाचीही टीका न करता ते वाक्य किती पोकळ आहे हे कळतं. आपल्याकडे ‘देव परीक्षा बघतो’ म्हणतात. परीक्षा ठीक आहे हो, पण एका सेममध्ये पाच पेपर आणि एकही गॅप नाही?

हे सगळं ऐकवून झाल्यावर ती विचारते की आता आपण नेहमीच्या हलक्याफुलक्या विनोदांकडे वळायचं का? प्रेक्षकांतून नकार येतो. लोकांना हेच ऐकायचं असतं. शेवटी ती एक साधा विनोद सांगतेच. ट्रॅफिकमध्ये गाडी अडकलेली, आणि शेजारून एक मधमाशी तिला ओव्हरटेक करून जाते. बस, एवढाच. कार्यक्रमाच्या सुरुवातीला हा विनोद बरा वाटला असता. अर्ध्या तासानंतर मात्र जागेवर अडकून पडलेली ती बाई आणि पुढे निघून जाणारं जग, हे दोन्ही त्यात दिसायला लागतं, आणि टाळ्या थांबत नाहीत.

हे चालतं कसं?

ज्यांचा ‘कंट्रोल सिस्टीम्स’ झालाय त्यांना ओपन लूप आणि क्लोज्ड लूप आठवत असेल. वॉशिंग मशीन टायमरवर चालतं. कपडे निघाले की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. फ्रीज मात्र आतलं तापमान सतत बघतो आणि त्याप्रमाणे कॉम्प्रेसर चालू-बंद करतो. पाठ केलेलं भाषण हे वॉशिंग मशीन. त्या रात्रीची टिग फ्रीज होती. हॉल जास्त तापला की थोडा गारवा, फार गोठला की एक विनोद. म्हणूनच त्या रेकॉर्डिंगमध्ये प्रेक्षकांचे आवाज तिच्या वाक्यांइतकेच महत्त्वाचे आहेत. ते काढून टाकले तर मागे फक्त एक केसपेपर उरेल.

दुसरी गोष्ट म्हणजे विनोदाचा नेम. अर्ध्या तासात ती दुसऱ्या कुठल्याही पेशंटला हसत नाही. नेम असतो तो स्वतःवर, नाहीतर आजाऱ्याभोवती जमणाऱ्या गुळगुळीत शब्दांवर. हॉस्पिटलचा छापील फॉर्म, झेपेल तेवढंच देणारा देव, ‘सगळं छान होईल’. हे शब्द बोलणाऱ्याला हलकं वाटावं म्हणून असतात; ऐकणाऱ्याला त्यांचा उपयोग नसतो. तिने ते बाजूला केले आणि खरी बातमी खऱ्या नावाने सांगितली.

आपल्या भाषेत हे किती अवघड आहे बघा. घरात कुणाला कॅन्सर झाला की आपण ‘गाठ आहे’ म्हणतो, ‘मोठा आजार’ म्हणतो, ‘तसलं काहीतरी निघालं’ म्हणतो आणि आवाज खाली आणतो. ‘स्तनांचा कर्करोग’ हे दोन शब्द मी या लेखात लिहिले, तेव्हा ‘छापायचे का गं?’ असं आमच्याच टीममध्ये विचारून झालं. छापायचे! शब्दच उच्चारता येत नसेल तर डॉक्टरांना तरी काय सांगणार?

यातून काय सिद्ध होत नाही

‘लाफ्टर इज द बेस्ट मेडिसिन’ हे वाक्य नोटीस बोर्डावर लिहायला बरं. हा अल्बम तसं काही म्हणत नाही. टिगचा आजार हसून गेला नाही. तिच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही स्तन काढावे लागले. औषध डॉक्टरांनीच दिलं. विनोदाने झालं ते एवढंच, की त्या अर्ध्या तासात ती कुणाची केस नव्हती. तिला काय वाटतंय हे ती स्वतः सांगत होती, आणि लोक उठून न जाता ऐकत होते.

पुढची हकीकत थोडक्यात. त्या रात्री तिथे हजर असलेला प्रसिद्ध विनोदवीर लुई सी. के. याने त्या कार्यक्रमाची जाहीर वाहवा केली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये ते रेकॉर्डिंग आपल्या वेबसाइटवर पाच डॉलरला उपलब्ध केलं. ‘धिस अमेरिकन लाइफ’ या रेडिओ कार्यक्रमातही त्याचा भाग वाजला. पुढे ग्रॅमीच्या सर्वोत्तम कॉमेडी अल्बमसाठी त्याला नामांकन मिळालं. (२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये याच लुईवर स्त्री सहकाऱ्यांशी लैंगिक गैरवर्तन केल्याचे आरोप छापून आले आणि ते खरे असल्याचं त्याने मान्य केलं. या कुजबुजीला त्याने उत्तर द्यावं, असं टिगने त्याआधीच उघडपणे म्हटलं होतं. खरं नाव घेऊन बोलायची तिची सवय इथेही दिसते.) २०१५ च्या एचबीओवरच्या कार्यक्रमात तिने शर्ट काढला, ऑपरेशनचे व्रण लोकांना दिसू दिले, आणि मग पुढचे साधेसुधे विनोद तशीच सांगत राहिली. थोड्या वेळाने प्रेक्षक व्रण विसरून विनोदावर हसायला लागतात.

आपल्या विंगमध्ये

आता तुम्ही म्हणाल, लॉस एंजलिसचं ठीक आहे, पण आमच्या हॉस्टेलचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. आजारपण हॉस्टेललाही येतं, आणि इथे तर आईसुद्धा जवळ नसते.

आमच्या विंगमधल्या एका मैत्रिणीला गेल्या वर्षी टीबी झाला. (तिला विचारूनच लिहितेय, नाव मात्र लिहायचं नाही असं ठरलंय.) ती महिनाभर घरी जाऊन परत आली. सहा महिन्यांचा कोर्स, रोज गोळ्या. ती यायच्या आधीच कुजबुज येऊन पोचली होती. ‘तिला ते झालंय ना?’ कूलरपाशी बाटल्या वेगळ्या झाल्या. समोर आली की सगळ्या एकदम गोड बोलायच्या, आणि गोड बोलून झालं की प्रत्येकीला काहीतरी काम आठवायचं.

तिसऱ्या दिवशी मेसमध्ये ताट घेऊन ती भरल्या टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मला टीबी झालाय. गोळ्या वेळेवर चालू आहेत. आता तुम्हाला माझ्यापासून धोका नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलंय, मॅडमना दाखवलंय. आणि आजच्या भाजीपासून धोका आहे की नाही ते कुणीतरी सांगा.” दोन सेकंद शांतता. मग एकजण म्हणाली, “भाजीपासून आहे, तू बस.” सगळ्या हसलो आणि सरकून जागा केली. त्यानंतर प्रश्न सुरू झाले. गोळ्या किती? उलट्या होतात का? घरचे घाबरले का? तिला कित्येक दिवसांत पहिल्यांदाच कुणी खरे प्रश्न विचारत होतं.

तिने टिगचं नावही ऐकलेलं नव्हतं. पण पद्धत तीच: नाव घेऊन सांगायचं, खरी परिस्थिती सांगायची, आणि समोरच्याला हसायला जागा द्यायची. हसू आलं की भीती जाते असं नाही. पण हसणारा माणूस पळून जात नाही, टेबलाशी बसून राहतो. आजाऱ्याला त्याच क्षणी तेवढंच हवं असतं.

म्हणून या अभ्यासातून मला मिळालेले तीन मुद्दे, पॉइंटवाइज, कारण आपल्याला तशीच सवय आहे:

१. आजाराचं नाव घ्या. कुजबुज आजारापेक्षा लवकर पसरते.

२. विनोदाची पहिली पाळी आजाऱ्याची. त्याने दार उघडलं तर आत जा, हसा, भर घाला. त्याने उघडलं नसेल तर आपण ‘त्याला हसवायला’ म्हणून दार फोडायचं नाही. त्या दिवशी नुसतं जवळ बसावं, जर्नल उतरवून द्यावं, डबा आणून द्यावा.

३. ‘सगळं छान होईल’ असं म्हणण्याआधी थांबा. आपल्याला ते माहीत नसतं. ‘कसं वाटतंय?’ विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.

शेवटी नावाबद्दल. या अल्बमचं नाव रोमन लिपीत चार अक्षरांचं आहे. ते ‘लाइव्ह’ असंही वाचता येतं, म्हणजे प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर झालेला कार्यक्रम, आणि ‘लिव्ह’ असंही, म्हणजे जग. इंग्रजीत ते तसंच लिहून सोडून देता येतं. आपल्या देवनागरीत मात्र जे बोलायचं तेच लिहावं लागतं, त्यामुळे ठरवणं भाग पडतं. टिगने स्वतः या नावाचा उच्चार ‘लिव्ह’ असा ठरवला आहे.

मीही वहीत तसंच लिहून ठेवलंय. लिव्ह.